खालची ओळ

वॉर्डातल्या नर्सने झटका येऊन भरती झालेल्या ताईच्या वस्तूंची पिशवी त्याच्या हातात दिली आणि रजिस्टर पुढे सरकवलं. चष्मा, कवळी, किल्ल्यांचा जुडगा, रुमाल, कागद एक. ‘कवळी’ची वेलांटी तिने ऱ्हस्व काढली होती. सही करता करता त्याने ती दीर्घ केली. नर्सने ते बघितलं. दिवसभरात ती असे किती नातेवाईक बघत असेल. कुणी रडतं, कुणी भांडतं, हा एक वेलांटी सुधारणारा. तीस वर्षं वर्तमानपत्रात मुद्रितं तपासून हाताला लागलेली ही खोड होती, आणि ती कुठे दाखवावी नि कुठे आवरावी याचा पोच त्याला कधीच नव्हता. कॉरिडॉरमधल्या बाकावर बसून त्याने पिशवी उघडली. कागद एक म्हणजे चार घड्या घातलेलं कात्रण होतं. कात्री समासाला धरून नीट चालवलेली. घड्यांवर कागद मऊ पडला होता, म्हणजे बरेचदा उलगडला असणार. त्याने तो उलगडला आणि अर्थ लागायच्या आधी, नेहमीप्रमाणे, फक्त चुका शोधल्या. एकही नव्हती. कुणीतरी मन लावून तपासलंय, असं त्याला वाटलं आणि बरं वाटलं. ते बरं वाटणं अंगातून पुरतं उतरलंही नव्हतं, तोवर त्याने मथळा वाचला: ‘रक्तदाबाच्या गोळ्यांना निरोप’. मग उजव्या कोपऱ्यातली बारीक चांदणी दिसली. मग शेवटची ओळ. जिना चढताना एक पायरी जास्त आहे असं वाटून पाय पोकळीत पडावा, तसं त्याला झालं. आणि तो तर बसलेला होता.

पान त्याचं होतं. म्हणजे त्याने लिहिलेलं नव्हतं, त्याचं नाव त्यावर नव्हतं आणि तीस वर्षांत कुठल्याच पानावर ते आलं नव्हतं. पण छापायला जाण्यापूर्वी ते शेवटचं वाचलं होतं ते त्याने. शनिवारची आरोग्य पुरवणी, पान तीन, सहा आठवड्यांपूर्वीचं. वर एका निवृत्त शिक्षकाचा हसरा फोटो, शेजारी कसल्याशा पाल्याच्या चूर्णाची डबी, आणि खाली त्या शिक्षकाची हकिगत. आपण कसे गोळ्यांनी हैराण झालो, मग हे चूर्ण कसं हाती आलं, आणि ‘तीन आठवड्यांत गोळ्यांची गरजच उरली नाही’. या वाक्याखाली निळ्या बॉलपेनाने पट्टी लावून रेघ ओढली होती. ताईच अशा रेघा ओढायची. जे लक्षात ठेवायचं त्याच्याखाली, पट्टी लावून, कारण नुसत्या हाताने ओढलेली रेघ तिला घाणेरडी वाटे. मजकूर संपून कोरा समास सुरू होत होता तिथे पेनाचा एक ठिपका होता, शाई थोडी पसरलेला. पेन टेकवून कुणीतरी थांबून राहावं तसा.

भाचा जिना चढून आला. तो फ्रिज दुरुस्त करायचा आणि त्याच्या कपड्यांना कायम गंजलेल्या नळीचा वास असायचा. त्याने कात्रण मामाच्या हातून जवळजवळ हिसकावून घेतलं.

“हेच ते,” तो म्हणाला. “पाच आठवडे गोळ्या बंद, आणि आम्हाला पत्ता नाही. बायको रोज विचारायची, आई, गोळी घेतली का, तर ही म्हणायची, घेतली. काल उशीच्या अभ्र्यात सापडल्या सगळ्या.”

“काही बोलली का? का बंद केल्या?”

“मला नाही, हिला म्हणाली होती एकदा. पेपरात आलंय म्हणे. कुठल्या पेपरात, तर माझ्या भावाच्या.” भाच्याने कात्रण त्याच्या नाकासमोर धरलं. “तुमच्याकडे कुणी बघतं की नाही, मामा, काय छापतोय ते?”

“बघतात.”

“कोण?”

त्याने चष्मा काढून पुसायला घेतला. चष्मा स्वच्छ होता.

“जाऊ द्या. तुम्हाला कशाला बोलू,” भाचा म्हणाला. “तुम्ही बिचारे काना-मात्रा बघणार. मी पत्र टाकलंय तुमच्या ऑफिसात. कोर्टात खेचणार आहे एकेकाला. ज्याने छापलं त्याला सोडत नसतो मी.”

‘बिचारे’ हा शब्द त्याच्या जिव्हारी लागला. भाच्याचा त्याला एकाएकी असा संताप आला की त्याचं त्यालाच नवल वाटलं. हा कोण दया करणारा? आयुष्यात याने एक पुस्तक उघडलं नाही, साबण हा शब्द याला धड लिहिता येत नाही, आणि हा काना-मात्रेला बिचारे म्हणणार. बाकावर शेजारी बसलेली कुणाची तरी आजी टक लावून बघत होती, तिचाही राग आला. औषधाच्या वासाचा आला, भिंतीवर ‘शांतता राखा’ लिहिणाऱ्याने ‘शांततां’ असा फाजील अनुस्वार दिला होता त्याचा आला. रागाला काय, जागा मिळेल तिथे तो बसतो. फक्त कात्रणाकडे त्याने पुन्हा बघितलं नाही.

पूर्वी अशा पानावर डोक्याशी एक चौकट असायची आणि चौकटीत ‘जाहिरात’ हा शब्द. ठसठशीत, काळा, अंगठ्याच्या नखाएवढा. तो लागला की आतला मजकूर कितीही बातमीसारखा वेष घालून येवो, वाचणाऱ्याला कळायचं की हे पैसे देऊन छापून घेतलेलं आहे. मग जाहिरात विभागाला नवा प्रमुख आला. त्याला सगळे पाठीमागे ‘मलम’ म्हणत, कारण तो कुणाच्याही कशावरही हात फिरवून त्याला गुळगुळीत करायचा. मलम म्हणाला, ‘जाहिरात’ शब्द फार रुक्ष आहे, वाचक बिचकतात. म्हणून ‘प्रायोजित’ आला, चौकट गेली. वर्षभराने ‘प्रायोजित’ही जड वाटू लागला, त्याच्या जागी ‘उपक्रम’ आला. कुणाचा, कसला, हे विचारायची सोय नाही. आणि अखेरीस तोही गेला नि कोपऱ्यात एक चांदणी राहिली, मोहरीएवढी. चांदणीचा अर्थ पानाच्या तळाशी एका बारीक ओळीत द्यायचा असं ठरलं. पान लावणाऱ्यांच्या खोलीत अशा पानाला ‘चांदणीपान’ म्हणत. आज किती चांदण्या, असं कुणीतरी विचारी आणि कुणीतरी म्हणे, आज आभाळ भरलंय. तोही हसायचा. शब्द दरवेळी बदलला तेव्हा प्रत्येक नवा शब्द शुद्ध आहे की नाही हे तपासून त्यानेच दिलं होतं. ‘प्रायोजित’मधली ‘जि’ ऱ्हस्व, हे मलमाला त्यानेच सांगितलं होतं, आणि मलमाने त्याचे आभार मानले होते.

आणि ती गुरुवारची दुपार. पुरवणीची पानं गुरुवारी दुपारी लागतात. पुरवणी सांभाळणाऱ्या बाई घाईत होत्या, त्यांच्या मुलीला कुठे तरी न्यायचं होतं. पान तीन आलं ते दोन ओळींनी जास्त. बाईंनी शिक्षकाचा फोटो मोठा केला होता, चेहरा कसा प्रसन्न आहे बघा म्हणून. मजकूर खाली सांडत होता. “बघा ना जरा, बसवा,” त्या दारातूनच म्हणाल्या आणि पर्स खांद्याला लावून गेल्या. त्याने पेन्सिल घेतली. आधी चुका काढल्या. ‘गोळ्यांचि गरज’ असं आलं होतं, ते ‘गोळ्यांची’ केलं. ते करताना त्याच्या मनात आलं होतं की हे धादांत खोटं आहे. तीन आठवड्यांत कुणाच्या रक्तदाबाच्या गोळ्या सुटत नसतात. त्याच्या स्वतःच्या बारा वर्षांत सुटल्या नव्हत्या. तो नाकातून हसलाही होता. मग वेलांटी दीर्घ करून तो पुढे गेला. आणि मग त्याने खालून कापलं.

खालून कापायचं, हे त्याला पहिल्याच आठवड्यात त्यांच्या खात्यातल्या थोरल्या तपासनिसाने शिकवलं होतं. बातमी लिहिणारा महत्त्वाचं सगळं वर घालतो. उतरत उतरत शेवटी जे येतं ते नसलं तरी चालतं. म्हणून मजकूर जास्त झाला की डोकं चालवत बसायचं नाही, खालून उडवायचं. आणि दुसरा नियम त्याच दिवशी शिकवला होता: जाहिरातीला हात लावायचा नाही. तिच्यात ढळढळीत चूक असली तरी नाही. ज्याने जागा घेतली आहे त्याला विचारायचं, मग लावायचा. तीस वर्षं हे दोन नियम त्याच्या हातात होते, डोक्यात नव्हते. त्या गुरुवारी हातासमोर जे पान होतं ते बातमीच्या टायपात होतं, बातमीच्या रुंदीच्या रकान्यात होतं, त्याला बातमीसारखा मथळा होता. हाताने ते बातमी म्हणून घेतलं. शेवटच्या दोन ओळींवर आडवी रेघ मारली, समासात कापल्याची खूण केली, खाली आद्याक्षर केलं. त्या दोन ओळी अशा होत्या: ‘हा मजकूर जाहिरातदाराने पुरवलेला आहे. चालू असलेली औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत.’ वाचकाला फसवायला म्हणून जो वेष बेतला होता, त्याला पहिला फसला तो तपासणारा. वेष कुणी बेतला हे पक्कं ठाऊक असलेला. डोक्याशी तो ‘जाहिरात’ शब्द असता तर त्याची पेन्सिल त्या पानाला शिवली नसती.

तो घरी आला, जेवला, बिछान्यावर पडला, आणि त्याला ताईचा राग आला. एवढी साधी बाई, एवढा विश्वास ठेवायची काय गरज होती? पण ती मुळात वाचायला लागली ती त्याच्यामुळे, आणि आधी वाचायची थांबली तीही त्याच्यामुळे. तो जन्मला तेव्हा ती दुसरीत होती. आई कामाला जायची, तान्ह्याला कोण बघणार, म्हणून तिला शाळेतून काढलं. तो मोठा होऊन शाळेत गेला, पुढे शिकला, आणि ती त्याला डबा करून देत राहिली. पस्तिशी उलटल्यावर, मुलगा हाताशी आल्यावर, एक दिवस ती म्हणाली होती, “मला बसचा नंबर वाचता येतो, पाटी येत नाही. मला पाटी यायला पाहिजे.” त्याने तिला शिकवलं. पुस्तक आणलं नाही, पुस्तकातल्या कमळ-बदकाची तिला लाज वाटायची. रोज आपल्याच वर्तमानपत्राचा अंक आणायचा आणि मथळ्यांवरून बोट फिरवायचं. ‘पूल’ हा तिने पहिला वाचलेला शब्द. कुठलासा पूल खचला होता. ती चिवट होती. जोडाक्षर अडलं की ते पाटीवर वीसदा काढायची. सहा महिन्यांत अग्रलेखापर्यंत आली आणि म्हणाली, हा माणूस काय म्हणतो ते वाक्य संपेपर्यंत मी विसरते. तेव्हा ते दोघं पोट धरून हसले होते. एकदा तिने विचारलं होतं, “हे सगळं खरं असतं का रे?” तो तेव्हा नोकरीत नवा होता, अंगाला शाईचा वास होता. तो म्हणाला होता, “बोलणारा काहीही बोलतो, ताई. छापलेलं असतं ते कुणीतरी तपासलेलं असतं.” कुणीतरी म्हणजे मी, हे त्याने म्हटलं नव्हतं, पण तिला ते ऐकू गेलं होतं आणि तिचा चेहरा फुलला होता. सगळं शिकवलं. चांदणी कशाला म्हणतात, तळटीप कुठे असते, स्वल्पविरामाला किती थांबायचं. संशय कुठे घ्यायचा, एवढं शिकवायचं राहिलं. की राहिलं नाही, ठेवलं? तो कुशीवर वळला. उद्या सकाळी कामावर जाऊ नये असं त्याला वाटलं, आणि सकाळी तो नेहमीपेक्षा अर्धा तास आधी पोचला.

मलमाने त्याला दहा वाजता बोलावलं. खोलीत थंडगार होतं आणि टेबलावर भाच्याचं पत्र पडलं होतं. त्याने उलट्या बाजूनेही त्यातल्या तीन चुका मोजल्या.

“बसा, बसा. ताई कशा आहेत?” मलम म्हणाला. “तुमच्या सख्ख्या ताई, हे मला आत्ता कळलं. वाईट वाटलं हो. मनापासून.”

“उजवी बाजू गेली आहे. बोलते सावकाश. अक्षरं दिसतात म्हणते, पण लागत नाहीत.”

“येईल, येईल सगळं परत. आजकाल काय काय निघालंय.” मलमाने पत्र एका बोटाने बाजूला केलं. “आता बघा. चूर्णवाले म्हणतात, आम्ही खाली इशारा दिला होता. छापलेल्या पानात तो नाही. त्यांच्याकडून मजकूर तीनदा आला, तिन्ही निरनिराळे. त्यातला शेवटचा कुठला, ते आपण ठरवू. आला तसा छापला, एवढंच आपण म्हणायचं. राहिलं ते तुमचं प्रूफ.”

“कपाटात आहे.”

“ते माझ्याकडे आणून द्या. सांभाळायला.”

“तीन महिने आमच्या खात्यात ठेवायचं असतं.”

“मग मी ठेवतो ना. माझ्या खात्यात काय चोर आहेत?” तो हसला. “मी ते बघितलेलं नाही, तुम्ही दाखवलेलं नाही. तुम्हाला सव्वा वर्ष उरलं ना निवृत्तीला? कशाला उगाच नाव खराब. तुमच्या ताईंना तरी बरं वाटेल का, भावाचं नाव आलेलं?”

हा माणूस हुशार होता; बोट बरोबर जिथे दुखतं तिथे ठेवायचा आणि मग गोल फिरवायचा. त्याने मलमाच्या बोटांकडे बघितलं. नखं सुंदर होती.

“तो शब्द का काढला आपण?” त्याने विचारलं.

“कुठला?”

“जाहिरात.”

“अहो, लोकांना नको असतो तो. शब्द दिसला की पान उलटतात.”

“म्हणजे वाचूनच ठरवत होते.”

“काय?”

“पुढचं वाचायचं नाही, हे. शहाणपणाने ठरवत होते. म्हणून काढला.”

एखादी खुर्ची बोलावी तसं मलमाने त्याच्याकडे बघितलं. “तुम्ही दमलाय,” तो म्हणाला. “प्रूफ तेवढं जेवायच्या सुट्टीच्या आत द्या आणि घरी जा. रजा मी सांगतो.”

कपाट पान लावण्याच्या खोलीच्या टोकाला होतं. गठ्ठे तारखेवार लावायची पद्धतही त्याचीच, त्यामुळे सापडायला वेळ लागला नाही. मोठा कागद, मध्ये घडी, आणि तळाशी त्याची आडवी रेघ. सरळ, न थरथरलेली. तिच्याकडे बघून कुणीही म्हणालं असतं की हे सरावाच्या माणसाचं काम आहे. समासात खूण, खाली आद्याक्षर. हा कागद खालच्या मजल्यावर नेऊन दिला की ती रेघ कधी मारलीच गेली नव्हती. मलम ठेवेल, आणि ठेवेल म्हणजे काय ते दोघांना ठाऊक. भाचा कोर्टात चूर्णवाल्यांशी भांडेल, चूर्णवाले मलमाशी, आणि मधे बिचारा काना-मात्रावाला निवृत्तीचा हार घालून घरी जाईल. ताईला कधीच कळणार नाही. हे सगळं त्याला एका दमात दिसलं आणि खरं सांगायचं तर हायसं वाटलं. त्याने कागदाची घडी घातली. तेवढ्यात शेजारच्या टेबलावर फोन वाजला. कुणीतरी उचलला, “हो, बोला, पटकन,” म्हणालं, आणि त्याचा हात घडीवरच राहिला.

कारण ताईचा फोन आला होता. पुरवणी निघाली त्यानंतरच्या सोमवारी, दुपारी, ऐन घाईत. ती कामाच्या वेळी कधी फोन करत नसे.

“एक विचारू का रे?” ती म्हणाली होती. “कोपऱ्यात चांदणी असली की खाली टीप असते ना?”

“असते.”

“आणि खाली नसली तर?”

“मग काही नसतं. राहिली असेल चांदणी चुकून. ताई, पान जायचंय, नंतर बोलू?”

“हो, हो. नाही, काही नाही. तू कर काम.”

त्याने नंतर फोन केला नव्हता. त्याला ते आजवर आठवलंही नव्हतं. म्हणजे ती बोट घेऊन खाली गेली होती. तिने चांदणी पाहिली, जिच्याकडे हजारोंमधला एकही बघू नये अशीच ती बेतली होती. आणि शिकवल्याप्रमाणे टीप शोधत तळाशी पोचली, आणि तिथे काही नाही म्हणून पेन टेकवून थांबली. तिला संशय आला होता. तिने तो जिथे न्यायचा तिथेच नेला होता. आणि तपासणाऱ्याने तपासून सांगितलं, काही नसतं. साधी बाई, विश्वास ठेवणारी बाई, म्हणून रात्री ज्या बाईवर तो चिडला होता, ती त्या पानाची एकुलती एक चोख वाचक होती.

जेवायच्या सुट्टीत तो प्रूफ पिशवीत घालून मागच्या जिन्याने उतरला. बसमध्ये त्याला दोनदा वाटलं, परत फिरावं. खिडकीपाशी बसलेला एक माणूस वर्तमानपत्र वाचत होता, तो कामाला होता तेच. तो माणूस एक एक पान सरकवत होता, आणि त्याच्या शांत, तृप्त तोंडावर एक ठेवून द्यावी असं त्याला वाटलं. वाच लेका, काहीही वाच. तुझ्यासाठी कुणी जागं नाही तिथे.

वॉर्डात भेटीची वेळ होती. ताई उशांना टेकवून बसवली होती, उजवा हात चादरीवर दुसऱ्या कुणाचा तरी ठेवल्यासारखा. सून वाटी पुसत होती, भाचा खिडकीशी उभा. त्याने प्रूफ काढून भाच्याच्या हातात दिलं आणि मग उभ्यानेच सांगितलं. खालच्या दोन ओळी काय होत्या ते, त्या कुणी कापल्या ते, आद्याक्षर कुणाचं ते. बोलताना त्याने ताईकडे बघायचं टाळलं आणि पलंगाच्या पायाशी लटकवलेल्या तक्त्याकडे बघत राहिला. भाच्याने कागदावरची रेघ बघितली, मामाकडे बघितलं, परत रेघ बघितली. तो मारेल असं त्याला वाटलं होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं. भाच्याचा चेहरा नुसताच उतरला.

“दार लोट,” ताई सुनेला म्हणाली. जीभ जड होती, शब्द ओले आणि सावकाश, पण एकेक सुटा. “याला वही दे. लिहून दे म्हणावं हे सगळं. सही करून.”

तो खुर्चीवर बसून लिहू लागला. लिहिताना त्याला बरं वाटत गेलं, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याची त्याला किळस आली. पण अक्षर वळणदार येत होतं, वाक्यं घाटदार पडत होती. दोन पानं झाली. त्याने एकदा नजर फिरवली. एकही चूक नव्हती. वही सुनेकडे गेली आणि ती वाचू लागली.

“‘दिनांक चौदा रोजीच्या आरोग्य पुरवणीतील पान तीनवरील मजकुराच्या शेवटच्या दोन ओळी जागेअभावी कापल्या गेल्या.’”

“थांब,” ताई म्हणाली. “काय गेल्या?”

“कापल्या गेल्या, आई.”

“गेल्या म्हणजे? पाय होते त्यांना?”

त्याने हात पुढे करून वही घेतली, ‘गेल्या’वर काट मारली आणि वर ‘मी’ लिहिलं. वही परत दिली.

“‘…शेवटच्या दोन ओळी जागेअभावी मी कापल्या.’”

“जागा कुणी खाल्ली?”

“फोटोने,” तो म्हणाला.

“फोटो लहान झाला नसता?”

“झाला असता. मी सांगितलं नाही.”

“मग ते घाल.”

त्याने घातलं. समासात, बाण काढून. सून पुढे वाचू लागली. “‘सदर मजकूर पैसे देऊन छापून घेतलेला असल्याची कल्पना होती.’”

“कुणाला?”

“मला.”

“लिही मग. मला कशाला सांगतोस.”

भाचा खिडकीपासून वळला. “आई, नोकरी जाईल मामाची,” तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. ताईने त्याच्याकडे मानही वळवली नाही. डाव्या हाताने तिने ओठाच्या कोपऱ्यातली लाळ पुसली आणि सुनेला खूण केली.

“‘मजकूर दिशाभूल करणारा आहे, हे तपासतेवेळी लक्षात आले होते.’”

बाहेर औषधाची ढकलगाडी एका चाकावर कुरकुरत गेली. त्याला पहिल्यांदा तिच्याकडे बघावं लागलं. डोळे तिचेच होते, पण त्यांत त्याच्यासाठी काहीही नव्हतं. बसची पाटी वाचत असावी तशी ती त्याच्याकडे बघत होती, अक्षर अक्षर लावत.

“तेव्हाच आलं होतं लक्षात?” तिने विचारलं.

“हो.”

“म्हणजे मी फोन केला त्याच्या आधी.”

“आधी.”

“आणि मी तुझा पेपर रोज वाचते, हे ठाऊक होतं तुला.”

“होतं.”

“आई, पुरे आता,” भाचा म्हणाला.

“कुणाच्या लक्षात आलं होतं ते लिही,” ताई त्याला म्हणाली. “आणि मी फोन केला तेही. काय विचारलं ते, आणि तू काय सांगितलंस ते. जसंच्या तसं.”

त्याने वही मांडीवर घेतली. अक्षर वाकडं येत होतं. ‘चांदणी’वरचा अनुस्वार भलतीकडेच पडला. तो सुधारावा म्हणून त्याने पेन उचललं.

“राहू दे तसंच,” भाचा म्हणाला. “कळतंय.”

त्याने वही दिली. सुनेने ती घेतली, आपल्या सासूकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि पान हातात धरून नुसतीच थांबली.

“वाच ना,” ताई म्हणाली. “पुढचं वाच.”